घाटातली सायकल : तांगलांग ला ते तलमडुगु

काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने निघालेली मंडळी दर हिवाळ्यात आदिलाबादवरून जातात. देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग, 44 क्रमांकाचा, इथूनच जातो. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण लागते आणि पहिले मोठे गाव येते आदिलाबाद. सायकलस्वार तिथे मुक्काम करतात, सकाळी टायर दाबून हवा पाहतात आणि निर्मळच्या दिशेने सरळ दक्षिणेला लागतात. पश्चिमेला तलमडुगुकडे जाणाऱ्या रस्त्याला सहसा कोणी वळत नाही. त्या रस्त्यावर मोडायला विक्रम नाही आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली पिवळी पाटीही नाही.

डोंगरातून सायकलने फिरण्याचा विचार आपल्याकडे उंचीपासून सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो, ही माझी तक्रार आहे. ज्या डोंगरात माणसे राहतात, जिथला चढ बैलांना झेपेल इतकाच ठेवलेला आहे आणि जिथे तासाभरात पुढचे गाव भेटते, तो डोंगर सायकलच्या प्रवासाला सर्वांत चांगला. सह्याद्रीतले काही घाट असे आहेत. आदिलाबाद, किनवट, माहूर या पट्ट्यातला सातमाळा डोंगर तर बहुतेक सगळा असाच आहे. आजवर कोण कुठे गेले, घाट चढायला खरोखर काय लागते आणि कशाची उणीव आहे, हे एकदा सलग पाहिले म्हणजे मी असे का म्हणतो ते कळेल.

सायकलने लांब जाण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 1928 मध्ये फेरी पुरी करून परतले. त्यांच्या प्रवासाचे पुस्तक 1931 मध्ये निघाले, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. त्या काळच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, वाळवंटातून आणि डोंगरातून सायकल हाताने ढकलावी लागे. 1963 मध्ये आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी एकट्या सायकलने भारतात आल्या. वाटेत त्यांनी बाबुसर खिंड ओलांडली, तीही बरीचशी सायकल ओढत आणि उचलत. खिंडीत सायकलवरून उतरावे लागणे यात कमीपणा नाही, हे या जुन्या लोकांनी घालून दिलेले उदाहरण आहे. पुढे ते विसरले गेले.

मराठी माणसाला या संदर्भात आठवावी ती बाबा आमटे यांची भारत जोडो यात्रा. 1985च्या डिसेंबरात ती कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, ते वाहनात आडवे पडून सोबत होते. बाबांचे आनंदवन ज्या वरोऱ्यात आहे तो चंद्रपूर जिल्हा आदिलाबादचा शेजारी. त्या यात्रेत वेळ मोजायची नव्हती, गावागावात थांबून बोलायचे होते. सायकल फेरीचा हा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनच्या नाशिक-पंढरपूर सायकलवारीत आज तो थोडाफार टिकून आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र लाट आली ती शर्यतीची आणि सहनशक्तीची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. समर्थ पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून मोठी शर्यत करून आले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 159 दिवसांत 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ही माणसे मोठीच आहेत. त्यांच्यामुळे मध्यमवर्गीय घरांतून सायकल पुन्हा बाहेर निघाली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे बीआरएम नावाच्या ठरावीक वेळेच्या फेऱ्या रुजल्या : 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. या फेऱ्यांनी लोकांना रात्रीचे दिवे, परावर्तक जाकीट, पाणी आणि मीठ यांची शिस्त लावली, हे मोठे काम झाले. पण घड्याळ लावून घाट चढणारा माणूस दरीकडे पाहत नाही. त्याचे लक्ष पुढच्या कंट्रोल पॉइंटवर असते.

दुसरी लाट लेहची. मनाली ते लेह हा पूर्वी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. रोहतांग 3,978 मीटर, पुढे बारालाचा, नकी ला, लाचुंग ला, आणि शेवटी तांगलांग ला, साधारण 5,328 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण निम्मा असतो. तिथे जावेच, शक्य असेल त्याने जरूर जावे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून बहुतेक गाड्या बोगद्यातून जातात आणि रोहतांगच्या जुन्या वळणांवरची गर्दी ओसरली. पण लेहच्या फेरीला पंधरवड्याची रजा लागते, विरळ हवेची सवय होण्यासाठी आधी दिवस घालवावे लागतात, बहुतेकांना सोबत सामानाची गाडी घ्यावी लागते आणि मोठा खर्च सोसावा लागतो. नांदेडच्या शिक्षकाला किंवा यवतमाळच्या बँकेतल्या बाईंना डोंगरातला सायकल प्रवास म्हणजे लेहच असे वाटत राहिले, तर त्यांचा प्रवास कधी सुरूच होणार नाही.

आता घाट म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीतल्या सर्वांत जुन्या वाटा चाकासाठी नव्हत्याच. नाणेघाटात दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. सातवाहनांच्या काळापासून तिथून माल गेला तो जनावरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. चाकासाठीचे घाटरस्ते आले एकोणिसाव्या शतकात. बोर घाटातून गाड्यांचा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. पुढे एकेका घाटात असे रस्ते बांधले गेले तेव्हा आखणाऱ्यासमोर मोटार नव्हती, भरलेली बैलगाडी होती. चढ फार ठेवला तर बैल छातीवर येतात, उतार फार ठेवला तर गाडी बैलांच्या अंगावर जाते. म्हणून रस्ता लांबवला, वळसे घातले आणि चढ वीस फुटांना एक फूट, म्हणजे पाच टक्के, याच्या आसपास धरला. आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागासाठी नेहमीचा चढ पाच टक्के, मर्यादा सहा आणि अपवाद म्हणून सात टक्के असाच आहे.

सायकलस्वाराची ताकदही बैलासारखीच सावकाश चालणारी आणि लवकर संपणारी, त्यामुळे बैलासाठी काढलेला चढ त्याला बरोबर बसतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढायचे म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीपासून 1,370 मीटरपर्यंत जायचे. ऐकून छाती दडपते. पण तो चढ चाळीसेक किलोमीटरवर पसरलेला आहे, सरासरी साडेतीन टक्क्यांच्याही आत. सकाळी लवकर निघालेला धडधाकट माणूस दुपारच्या जेवणाला वर असतो. उलट काही नवे जोडरस्ते आणि वाड्यावस्त्यांचे डांबरी रस्ते पायवाटेवरच डांबर टाकून केलेले असतात. तिथे बारा-पंधरा टक्क्यांचे दोनशे मीटर माणसाला पार मोडून टाकतात. नकाशात उंची पाहण्यापेक्षा रस्ता कोणी, कधी आणि कोणत्या गाडीसाठी काढला हे विचारणे जास्त उपयोगाचे.

युरोपातही गोष्ट हीच आहे. आल्प्समधला स्टेल्व्हिओचा रस्ता 1820च्या दशकात ऑस्ट्रियाने घोडागाड्यांसाठी आणि फौजेसाठी बांधला. 2,757 मीटरपर्यंत चढताना त्याने एका बाजूला 48 वळणे घेतली, आणि आज जगभरचे सायकलस्वार तिथे जातात ते त्या वळणांसाठीच. फ्रान्समध्ये पॉल द व्हिवी, टोपणनाव वेलोसिओ, हा सेंत-एत्येन गावचा माणूस डोंगरातल्या सायकल भ्रमणाचा आद्य पुरस्कर्ता. सायकलला बदलते गिअर हवेत असे तो आयुष्यभर सांगत राहिला. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय असे तेव्हाच्या शर्यतवाल्यांना वाटे. टूर द फ्रान्समध्ये पिरिनीजमधली 2,115 मीटरची तुर्माले खिंड 1910 मध्ये आली, पण डिरेलर गिअरला परवानगी मिळायला 1937 उजाडले. वेलोसिओ 1930 मध्येच गेला होता.

गिअरचा मुद्दा आपल्याकडे अजून पुरता पोचलेला नाही, म्हणून तो जरा जवळून पाहू. आपली नेहमीची काळी सायकल घ्या : पुढे 44 दात्यांची चकती, मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील, 28 इंची चाक. पॅडल एकदा पूर्ण फिरवले की ती सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 वेळा पॅडल फिरवायचे तर वेग ताशी वीस किलोमीटरला टेकतो. सपाटीवर हे उत्तम. पण सामानासह नव्वद किलो वजन घेऊन सहा टक्क्यांच्या चढावर तो वेग ठेवायला साडेतीनशे वॅटच्या आसपास ताकद लागते, आणि साधा निरोगी माणूस तासभर सलग देऊ शकतो ती शंभर-दीडशे वॅट. म्हणून तो उभा राहून दहा-वीस पॅडल मारतो आणि उतरतो. त्याचे पाय कच्चे नसतात, त्याचा गिअर चुकलेला असतो. तेच पुढे 26 दाते आणि मागे 34 दाते असतील तर एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या थोडी पुढे जाते, वेग ताशी सहाच्या आसपास येतो, आणि लागते फक्त शंभरेक वॅट. पायी चालण्याच्या वेगाने, पण बसून, सामानासह आणि गप्पा मारत तो वर जातो. दुकानात सायकल घेताना चकचकीत फ्रेमऐवजी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजून घ्यावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

पोटाचा हिशोबही सोपा आहे. नव्वद किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला शरीराच्या साधारण सहाशे कॅलरी जातात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक असतात. एक घाट म्हणजे दोन मुठी शेंगदाणे, त्यावर गुळाचा खडा. आपल्या भागात हे कुठल्याही किराणा दुकानात मिळते, त्यासाठी परदेशी जेलच्या पुड्या बाळगायची गरज नाही.

उताराबद्दल मात्र कडकपणे सांगायला हवे, कारण घाटात माणसे पडतात ती उतरताना. जुन्या सायकलीच्या स्टीलच्या रिमवर पाणी पडले की ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. चांगल्या रिमसुद्धा सतत दाबून धरलेल्या ब्रेकने तापतात. वळणाच्या आधी दाबायचे, वळणात सोडायचे, दोन्ही ब्रेक आळीपाळीने वापरायचे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेकचे रबर अंगठ्याने चाचपून पाहायचे. रबर इतके झिजलेले असेल की आतला धातू बोटाला लागतो, तर त्या दिवशी निघायचे नाही.

आता तलमडुगु. आदिलाबादहून पश्चिमेला निघाले की हे मंडलाचे गाव लागते. आदिलाबाद आणि किनवट यांच्या मधला हा टापू. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला बाजारहत्नूर आणि बोथच्या बाजूला चढत गेलेले सागाचे डोंगर, आणि मधे काळ्या मातीची कापसाची शेते. दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात असते तेव्हा आदिलाबादच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्त्याच्या कडेची बाभळीची झुडपे पांढरी होतात. टपरीवर चहा घेताना एकाच बाकावर तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी आणि उर्दू कानावर पडते. ‘कुठून आले दादा, सायकलवर?’ असा प्रश्न इथे मराठीत येतो आणि पैसे देताना आकडा तेलुगूत सांगितला जातो. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत रेषा मधून गेली, सोयरिकी दोन्ही बाजूंना राहिल्या. सायकलने जाणाऱ्याला सीमा कळते ती पाटीवरची लिपी बदलली आणि चाकाखालचे डांबर बदलले म्हणून.

इथल्या डोंगरांना उंचीचा बडेजाव नाही. आदिलाबाद शहर 264 मीटरवर आहे. एकेका चढात दोन-तीनशे मीटर, आणि मग वर पठार. सह्याद्रीची एकच मोठी भिंत असते, ती चढून गेले की संपली. सातमाळ्यात घाट, दरी, ओढा, पुन्हा घाट असे दिवसभर चालते. फिरणाऱ्याला हीच मांडणी सुखाची, कारण चढ संपण्याची वाट पाहावी लागत नाही आणि दरी वरून नुसती पाहायची नसून तिच्यातून जायचे असते.

तलमडुगुहून तीन बाजूंना जाता येते. पश्चिमेची वाट किनवटची, पुढे माहूर. ही पैनगंगेच्या खोऱ्यातली वाट. बुलढाण्याच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे दोन राज्यांची सीमा होते आणि पुढे वर्धेला मिळते. किनवटच्या अलीकडे-पलीकडे सागवन दाट होत जाते, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे, आणि माहूरला रेणुकामातेचा आणि दत्तशिखराचा डोंगर चढावा लागतो. देवदर्शनाला पायी जाणाऱ्यांची ही शेकडो वर्षांची वाट. तिथे सायकलवाल्याला धर्मशाळा मिळते, जेवण मिळते, आणि ‘एवढ्या लांबून का?’ असे कोणी विचारत नाही. लांबून येणे इथे नेहमीचे आहे.

दक्षिणेची वाट बोथची. पोचेराचा धबधबा याच बाजूला. नेरेडीगोंड्याजवळ कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा 45 मीटरच्या आसपास उंचीचा. पुढे निर्मळजवळ महबूब घाट. आदिलाबाद ते निर्मळ हे महामार्गाने ऐंशीच्या आसपास किलोमीटर, म्हणजे काश्मीर-कन्याकुमारीवाल्याचा अर्धा दिवस. आतल्या रस्त्याने धबधबे पाहत गेले तर दोन दिवस सहज जातात, आणि ते दोन दिवस द्यावेत. महामार्गाच्या कडेच्या पट्टीत ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, केसासारख्या बारीक. एखादी टायरमध्ये रुतते आणि कितीही पंक्चर काढले तरी तासाभरात हवा जाते, कारण तार आतच राहिलेली असते. टायर उलटा करून आतून फडके फिरवले की ती फडक्याला अडकते. आतल्या रस्त्यांवर हा त्रास नाही, तिथे बाभळीचा काटा असतो, पण तो निदान डोळ्यांना दिसतो.

तिसरी वाट सर्वांत मोलाची. गुडीहत्नूरवरून पूर्वेला इंद्रवेल्ली, मग उटनूर, जैनूर, केरामेरी. ही राजगोंडांची भूमी. इंद्रवेल्लीला 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्याचे स्मारक रस्त्यालगत आहे. तिथे उतरून उभे राहावे. जवळच केसलापूर, जिथे पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी गोंडांच्या मेसराम कुळातली माणसे जन्नारमजवळच्या हस्तनमडुगुहून गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात, डोंगर उतरून आणि पुन्हा चढून. सायकल चालवणाऱ्याने चढाबद्दल बोलण्याआधी ही पायपीट आठवावी. जैनूरजवळच्या मारलवाईत ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ 1940च्या दशकात राहून काम करत होते. गोंड मुलांसाठी तेव्हा गोंडी भाषेची वाचनपुस्तके निघाली ती देवनागरी लिपीत. पुढे केरामेरीचा घाट, या टापूतला सर्वांत वळणदार. त्याच डोंगरात जोडेघाट, जिथे निजामाच्या पोलिसांशी लढताना 1940 मध्ये गोंडांचे पुढारी कुमरम भीम मारले गेले. आदिलाबादहून उटनूर पन्नासेक किलोमीटर. आठवड्याच्या सुट्टीत, गाडीची सोबत न घेता, भाकरी-भाजी खात ही फेरी होऊ शकते. यापेक्षा समृद्ध डोंगरवाट मराठी मुलुखाच्या इतकी जवळ मला दुसरी माहीत नाही.

अडचणी आहेत, आणि त्या चढाच्या नाहीत. उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांपर्यंत जातो. मार्चनंतर नाव काढू नये. पावसाळ्यात धबधबे भरलेले असतात म्हणून लोक ऑगस्टात येतात, पण डांबर सोडून शेताच्या वाटेला लागले की काळी माती चाकाला धरते. पहिल्या पन्नास पावलांत ती मडगार्ड आणि टायर यांच्या मधली फट भरून टाकते, मग चाक फिरणेच थांबते आणि काटकीने कोरून काढावी लागते. ब्रेकच्या चापांत ती वाळली तर सिमेंटसारखी घट्ट. म्हणून ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ. तोही थंडी सांभाळून, कारण तेलंगणातली सर्वांत कडक थंडी याच जिल्ह्याच्या वाट्याला येते. पहाटे पाच-सहा अंशांत उतार उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबल्याचे कळत नाही. हातमोजे विसरू नयेत.

दुसरी गोष्ट वाघाची, आणि ती गंभीरपणे घ्यावी. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. ते 148 चौरस किलोमीटरचे, म्हणजे लहान. तिथले वाघ नदी ओलांडून भीमपूर, तामसी या मंडलांच्या शिवारात येतात. पूर्वेला कव्वाल व्याघ्र प्रकल्प आहे. रस्त्यावरून दिवसा जाणाऱ्याला भीती फारशी नाही, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलपट्ट्यात नसावे, एकट्याने आडवाटेला शिरू नये, आणि गावकरी ‘आज तिकडून जाऊ नका’ म्हणाले तर ऐकावे. बीआरएमच्या सवयीने रात्री चालवत राहणे इथे चालणार नाही. जंगलालाही त्याचा त्रास होतो.

तिसरी अडचण रस्ते बांधणाऱ्यांच्या मनातली. द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी आहे. ती मान्य, तो रस्ता तिच्यासाठी नाहीच. पण त्याबरोबर जुन्या रस्त्याचे काय होते? कात्रजचा नवा बोगदा झाल्यावर जुना घाट राहिला, आणि पुण्यात घाट चढायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे शिकला. नवे रुंदीकरण किंवा बोगदा झाला की जुनी वळणे मोकळी होतात, ही सायकलसाठी सोन्यासारखी संधी असते. नेमक्या त्याच वेळी त्या रस्त्याची देखभाल बंद पडते. मोऱ्या तुंबतात, कठडे ढासळतात, दरडीची माती पडून राहते आणि चार पावसाळ्यांत रस्ता संपतो. नवा घाटरस्ता मंजूर करताना जुन्याच्या मोऱ्या आणि कठडे यांच्यासाठी थोडी रक्कम त्याच अंदाजपत्रकात धरली तर निम्मे काम होईल. आणखी एक मागणी छोटी आहे : उतारावर ओळीने मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांमध्ये डाव्या कडेला हातभर जागा सोडावी. मोटारीला त्या हादरवतात, सायकलवाल्याला पाडतात.

आणि रेल्वे. मुंबईहून नंदीग्राम एक्सप्रेस नांदेड, किनवट करत आदिलाबादला येते, म्हणजे सायकलसह यायला वाट आहे. सायकल पार्सलने ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. पण लहान स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटे थांबते, पार्सलचे सामान उतरवायला माणूस नसतो, आणि सायकल पुढच्या मोठ्या स्टेशनावर निघून जाते. म्हणून चढणे-उतरणे आदिलाबाद किंवा नांदेडलाच ठेवावे, पुढचे आणि मागचे चाक काढून सायकल पोत्यात शिवावी, आणि पोत्यावर दोन्ही बाजूंनी नाव, स्टेशन आणि फोन नंबर देवनागरीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावे. प्रवासी डब्यात दोन सायकली उभ्या टांगायची सोय जगात अनेक ठिकाणी आहे. घाटाकडे जाणाऱ्या चार-दोन गाड्यांत ती करून पाहायला हरकत नाही.

राहता राहिला पंक्चरवाला. 2011च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती. त्यानंतर या भागात मोटारसायकल घरोघर आली, आणि सायकल उरली ती शाळेत जाणाऱ्या मुलींकडे आणि म्हाताऱ्यांकडे. तलमडुगुसारख्या गावी आजही आउट काढणारा, छर्रे बदलणारा, कॉटर पिन ठोकून बसवणारा हात सापडतो, पण तो वयस्कर असतो आणि शेजारी त्याचा मुलगा मोटारसायकलची कामे करतो. या माणसाच्या दुकानात 28 आणि 26 इंची ट्यूब हमखास मिळते, 700सी मापाची मिळत नाही. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला त्याचा पंप बसत नाही. तेव्हा या वाटेला येणाऱ्याने 26 इंची चाकाची सायकल आणावी, नाहीतर दोन ट्यूब आणि व्हॉल्व्हचे पितळी टोपण सोबत ठेवावे. आणि गरज असो वा नसो, आदिलाबाद सोडण्याआधी चेनला तेल, ब्रेकची तार आणि चाकांचे आउट हे काम अशाच एखाद्या दुकानात करून घ्यावे, मजुरी विचारून पुरती द्यावी. केरामेरीच्या घाटात स्पोक तुटला तर दुरुस्तीला असाच माणूस भेटायला हवा.